साच्यात न मावलेला रफार

पुण्याला गेलो की कुणी ना कुणी विचारतंच, तिकडे काय काम करायचास. मी सांगतो, वेबसाइट करायचो. सांगून झालं की मला चुटपुट लागते. 'करायचो' हे क्रियापद मला शोभत नाही. घर बांधणारा गवंडी वेगळा आणि बांधलेल्या घरात पडदे लावून देणारा वेगळा. मी पडदे लावणारा होतो. भिंती, छप्पर, दारं-खिडक्या कुणीतरी अनोळखी माणसानं आधीच बांधलेल्या असायच्या आणि 'ज्याला हवं त्यानं घ्या' म्हणून इंटरनेटवर ठेवून दिलेल्या असायच्या. त्या माणसांच्या जिवावर लंडनजवळच्या वॉटफर्डमध्ये माझं बरीच वर्षं बरं चाललं. त्यातल्या एकाबद्दल आज लिहायचं आहे.

माझी बायको मेधा म्हणते, की मला अपराधी वाटून घ्यायचा छंद आहे. दुसऱ्याचा धक्का लागला तरी सॉरी मीच म्हणतो. वॉटफर्डमध्ये ही सवय खपून जाते, कारण समोरचाही सॉरीच म्हणत असतो. तरी यातलं थोडं अपराधीपण खरं आहे, आणि ते कुठलं, ते पुढे येईलच.

या धंद्याशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. वेबसाइटचं टेम्प्लेट म्हणजे साचा. शिंप्याकडे ब्लाउजचे कागदी नमुने असतात ना, गळा इथे, बाही इथे, शिलाईला एवढी जागा सोडा, तसं. नाव कुठे येईल, फोटो कुठे, मजकुराचा रकाना किती रुंद, हे सगळं कुणीतरी ठरवून, तपासून ठेवलेलं असतं. कापड तेवढं आपलं घालायचं. दोन हजार सालानंतरच्या त्या दिवसांत असे साचे तयार करून वाटून टाकणारी माणसं जगभर होती. कुणी विद्यार्थी, कुणी नोकरी सांभाळून संध्याकाळी बसणारे. त्यांना त्यातून काय मिळायचं, ते मला तेव्हा कळत नव्हतं.

मी पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आलो होतो. ती नोकरी गेली. मेधाची हॉस्पिटलातली नोकरी होती म्हणून निभावलं, आणि मी घरी बसून छोट्या दुकानदारांच्या, डॉक्टरांच्या वेबसाइट करायला लागलो. प्रोग्रॅम लिहिता येत होते, पण रंग आणि मोकळी जागा यांतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तेव्हा साच्यांशिवाय इलाज नव्हता.

फुकट म्हणजे माल हलका, असं मलाही आधी वाटायचं. काही साचे खरोखरच तसे होते. वरून देखणे, पण चार ओळी जास्त घातल्या की रकाना फुटून मजकूर बाहेर लोंबायचा. पण एका गिऱ्हाइकाच्या हट्टापायी एकदा विकतचा साचा आणला, तर तो त्याहून वाईट निघाला. आत नुसता गुंता. एक रंग बदलायला जावं तर भलतंच काहीतरी हलायचं. आणि मग मला एडिनबऱ्याच्या अ‍ॅलिस्टरचा साचा सापडला. अ‍ॅलिस्टर हॉस्पिटलच्या ऑफिसात नोकरीला होता आणि हौसेनं साचे करायचा, हे मला पुढे कळलं. तेव्हा मला त्याचं नाव आणि त्याचं कोड एवढंच माहीत होतं.

ते कोड उघडलं आणि मला परक्या घरात शिरून स्वयंपाकघर आवरलेलं दिसावं तसं झालं. प्रत्येक भागाला कळेल असं नाव. आणि मध्ये मध्ये, पानावर दिसणार नाहीत अशा, पुढच्या माणसासाठी लिहिलेल्या टिपा. 'ही रुंदी बदललीत तर खालचीही बदला.' एके ठिकाणी लिहिलं होतं, 'इथे मला याहून चांगला मार्ग सुचला नाही. तुम्हाला सुचला तर कळवा.' पुण्यात आणि लंडनमध्ये मी एवढ्या प्रोजेक्टांवर काम केलं, पण आपल्या कोडमध्ये असं लिहून ठेवणारा माणूस पाहिला नव्हता. मी स्वतः तर नाहीच लिहिलं कधी.

तो साचा मी मग सगळ्यांना लावत सुटलो. ग्लासगोला डॉ. पेंडसे म्हणून दातांचे डॉक्टर होते, त्यांना त्याचा निळसर रंग फार आवडला. साइट सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत त्यांचा फोन आला. त्यांच्याच रस्त्याच्या टोकाला अंत्यविधीची व्यवस्था करणारं दुकान होतं, आणि त्या दुकानदारानंही तोच साचा, त्याच निळ्या रंगात, घेतला होता. खुर्चीत आ वासून पडलेल्या एका पेशंटनं गुळणी करता करता डॉक्टरांना विचारलं होतं, तुम्ही दोघं पार्टनर आहात का? मी शरमून रंग नारिंगी करून दिला. डॉक्टर म्हणाले, "आता आइस्क्रीमच्या दुकानासारखं दिसतंय. पण असू दे, आइस्क्रीम माझ्या धंद्याला चांगलंच आहे."

दुसरे आमच्या गल्लीतले हसमुखभाई, गाडी चालवायला शिकवणारे. साच्यात नमुन्यादाखल डोंगर आणि तळ्याचा फोटो होता. तिथे तुमच्या गाडीचा फोटो टाकू, असं मी म्हटलं तर ऐकेनात. त्यांचं म्हणणं, शिकाऊ माणूस गाडी बघूनच घाबरलेला असतो, त्याला तळं दिसू दे, शांत वाटेल. तळं राहिलं. पुढे एका मुलीनं त्यांना विचारलं म्हणे, की लेसन त्या तळ्याकाठी असतात का.

असं सगळं हसतखेळत चाललं होतं. मग शोभाताई आल्या.

शोभाताई साठे वॉटफर्डच्या जुन्या रहिवासी. साठी ओलांडलेली, सुती साडीवर कार्डिगन आणि पायात पांढरे ट्रेनर्स. लग्न होऊन इथे आल्या, कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, लायब्ररीत नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर दर शनिवारी सकाळी कम्युनिटी हॉलच्या वरच्या मजल्यावर, मागच्या खोलीत मुलांना मराठी शिकवायला लागल्या. फी नाही, काही नाही. इथे जन्मलेली मुलं, 'माझा आई आला' म्हणणारी. शोभाताई न चिडता दर वेळी दुरुस्त करायच्या.

हॉलच्या कमिटीनं त्यांना कळवलं होतं, की मुलं फारच थोडी उरली आहेत. ईस्टरच्या सुटीपर्यंत वाढली नाहीत तर ती वेळ योगाच्या क्लासला देऊ.

"योगासाठी मराठीला बाहेर काढतायत," शोभाताई मला म्हणाल्या. "तक्रार तरी कुठल्या तोंडानं करू?"

मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. त्यांची मुलगी लहान असताना शाळेतल्या बाईंनी सल्ला दिला होता, की घरातही इंग्लिशच बोला, नाहीतर मूल गोंधळेल. यांनी तो पाळला. मुलगी आता मँचेस्टरला असते, रविवारी फोन करते. "ती विचारते, मम, हाऊ आर यू. मी म्हणते, आय अ‍ॅम फाइन. त्याच्या पुढे आमचं बोलणं जात नाही रे. माझ्या घरात मी वेळ घालवली. दुसऱ्या कुणाच्या घरात तसं होऊ नये म्हणून वर्ग. तो बंद पडला तर मग मी काय केलं?"

नव्यानं आलेल्या मराठी कुटुंबांना वर्गाचा पत्ताच नव्हता. ती सगळी तरुण मंडळी, काहीही हवं असलं की इंटरनेटवर शोधणारी. तेव्हा वर्गाची वेबसाइट करायची, आणि सुटीआधीच्या शनिवारी सगळ्यांना वर्ग बघायला बोलवायचं, असं ठरलं. मी म्हटलं, मी एक पैसा घेणार नाही. म्हणताना मला फार बरं वाटलं होतं.

आणि इथेच माझं चुकलं. पैसे घेणार नाही म्हटल्यावर मी त्या कामाला उरलासुरला वेळ दिला. पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाची साइट मी दोन-तीन वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये उघडून बघायचो, कारण तेच पान एकात एक दिसायचं आणि दुसऱ्यात वेगळं. शोभाताईंची साइट मी माझ्या आवडत्या ब्राउझरमध्ये तेवढी पाहिली. अ‍ॅलिस्टरच्याच साच्यात, वर पट्टीवर मोठ्या अक्षरांत नाव घातलं, 'वॉटफर्ड मराठी वर्ग'. त्या काळी कॉम्प्युटरवर मराठी टाइप केलं की निम्म्या वेळा नुसते चौकोन दिसायचे. इथे अक्षरं उमटली, याचाच मला इतका आनंद झाला की पुढे काही बघायचं सुचलं नाही. नावाखाली वर्गाच्या गॅदरिंगमधला फोटो टाकला, नऊवारी नेसून नाचणाऱ्या मुलींचा. खाली इंग्लिशमध्ये हॉलचा पत्ता, शोभाताईंचा फोन, दर शनिवारी सकाळी, सर्वांचं स्वागत. झालं.

साइट सुरू झाली. आठवडे गेले. एकाही पालकाचा फोन आला नाही. शोभाताई भेटल्या की माझ्याकडे बघायच्या, आणि मी दुसरीकडे बघायचो.

मग एका दुपारी त्या अंगातला कोटही न काढता आमच्या बैठकीच्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या.

"संजय, मी तमाशा कधी काढला?"

मला काही कळेना. त्यांनी सांगितलं ते असं. सकाळी त्यांना फोन आला. पलीकडचा माणूस म्हणाला, "नमस्कार ताई, बोरकर बोलून राहिलो, नागपूरचा. इथं आमचं मंडळ आहे. पाडव्याच्या कार्यक्रमाला तुमचा फड येईल का?"

"कसला फड?"

"तमाशाचा, ताई. वेबसाइट पाहिली ना तुमची. फोटो एक नंबर आहे. फक्त शनिवारी सकाळीच करता का? आम्हाला संध्याकाळ पाहिजे होती."

शोभाताईंनी त्यांना, चुकीचा नंबर लागला असेल, असं सांगून फोन ठेवला होता. पण फोटो, शनिवार सकाळ, सगळं जुळत होतं.

मी साइट उघडून दाखवली. नाव ठीक होतं. शोभाताईंनी मोठ्यानं वाचलं, बरोबर आहे म्हणाल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बहुतेक लोक वापरायचे तो दुसरा ब्राउझर मी उघडला. तिथे पट्टीची उंची अगदी बेताची होती आणि तिच्याबाहेर जाईल ते कापलं जात होतं. इंग्लिश अक्षरांना त्यानं काही होत नाही. पण आमच्या नावाचं शिरोरेघेच्या वरचं सगळंच्या सगळं उडालं होतं. 'वॉ'चा चंद्र गेला. 'र्ड'चा रफार गेला. 'ठी'ची वेलांटी गेली, उरला काना. 'र्ग'चाही रफार गेला. पट्टीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं:

वाटफड मराठा वग

आणि खाली नऊवारीतल्या मुली.

मग स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली मेधा फिस्सकन हसली आणि तोंडावर हात धरून आत पळाली. शोभाताई स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "फड पण आहे, वग पण आहे. ढोलकीवाला तेवढा राहिला."

मला हसू आलं नाही. पालकांचे फोन का येत नव्हते ते आता समोर दिसत होतं. मुलाला मराठी शिकवायला कोण फडावर पाठवेल? ईस्टर जवळ आला होता, आणि मधले सगळे आठवडे माझ्यामुळे गेले होते. लाज वाटली की माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मी म्हणालो, "फुकटचा साचा ताई. त्यात असंच व्हायचं."

त्यांनी कोट काढला, घडी घालून मांडीवर ठेवला आणि बसल्या. लायब्ररीत आवाज न चढवता बोलायची त्यांची सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती.

"फुकट म्हणू नकोस. आपल्याकडे 'फुकट गेलं' म्हणजे वाया गेलं. मी इतकी वर्षं शिकवतेय, तेही पैसे न घेताच. तू ही साइट केलीस, तीही पैसे न घेता. मग त्या माणसानं दिलेलं तेवढं हलकं कसं? त्याला मराठी येतं का?"

"नाही."

"तुला येतं ना?"

मी पट्टीचं कोड उघडून बसलो.

मी स्वतः दुरुस्ती करून पाहिली. पट्टीची उंची वाढवली तर एका ब्राउझरमध्ये नाव नीट झालं आणि दुसऱ्यात फोटो घसरून मजकुरावर आला. पडदे लावणाऱ्यानं भिंत हलवली की असंच होणार. मग मी अ‍ॅलिस्टरला ईमेल लिहिली, आणि ती आठवली की अजून कानशिलं तापतात. शोभाताईंनी एवढं सुनावल्यावरही मी लिहिलं, की तुमच्या साच्यात दोष आहे, त्यामुळे माझ्या गिऱ्हाइकाची नाचक्की झाली आहे. आभाराचा एक शब्द त्यात नव्हता. इतक्या वेळा त्याचा साचा वापरला, आणि पहिलं पत्र हे.

'जसं आहे तसं घ्या, हमी नाही,' असं अशा साच्यांबरोबर लिहिलेलंच असतं. तेवढं दाखवून तो मोकळा होऊ शकला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. त्यानं लिहिलं होतं, की तुमच्या बाईंना त्रास झाला याबद्दल मला वाईट वाटतं. साचा करताना मी फक्त मला वाचता येणाऱ्या अक्षरांचा विचार केला. तुमची अक्षरं किती उंच जातात, मला एक चित्र पाठवता का?

मी ते उत्तर मेधाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघ. तू शंभर वेळा सॉरी म्हणतोस. त्यानं एकदाच म्हटलं आणि पुढे कामाला लागला."

चित्र शोभाताईंनी काढलं. मुलांच्या दुरेघी वहीचं पान घेतलं आणि 'वॉटफर्ड' मोठं काढलं. शिरोरेघेला 'रूफ' असं लिहिलं. तिच्या खालच्या अक्षराला 'हाउस'. उकार जिथे लोंबतो त्याला 'बेसमेंट'. आणि शिरोरेघेच्या वर, चंद्र, रफार, वेलांटी, मात्रा राहतात त्या जागेला 'लॉफ्ट'. मला म्हणाल्या, "इंग्लिशला तळघर आहे, जी आणि वाय खाली पाय सोडून बसतात. पण छपराच्या वर त्यांच्याकडे कुणी राहत नाही. आपल्याकडे वरच्या माळ्यावरच निम्मी वस्ती आहे."

ते पान मी स्कॅन करून पाठवलं. अ‍ॅलिस्टरचं उत्तर आलं, म्हणजे तुम्हाला लॉफ्ट कन्व्हर्जन करून हवंय तर. कौन्सिलची परवानगी काढली आहे ना? आमच्या भागात दर दुसऱ्या घरावर तेच, माळ्याची खोली करायचं काम चालू असायचं, त्यामुळे शोभाताईंना हा विनोद फार आवडला. त्यांनी मला त्याला फोनच लावायला सांगितला.

फोन स्पीकरवर होता. मी मध्यस्थ म्हणून बसलो होतो, पण माझी गरज पडली नाही.

"मिसेस साठे," त्यानं विचारलं, "ती 'वी हॅट', शेवटच्या अक्षराच्या डोक्यावरची, ती कितपत महत्त्वाची आहे?" वी म्हणजे स्कॉटिश लोकांचं इवलंसं.

"ती काढली की माझी शाळा नाचायला लागते," शोभाताईंनी इंग्लिशमध्ये सांगितलं, आणि मग फड आणि वग म्हणजे काय ते समजावलं. पलीकडून इतकं मोठं हसू आलं की फोन खरखरला.

मग त्यांनी त्याला तो रफार म्हणायला लावला. म्हण, वर्ग. आणि अ‍ॅलिस्टरनं असा काही खणखणीत, जिभेवर घोळवलेला र काढला की शोभाताई खुर्चीत सरसावून बसल्या. इथले दक्षिणेकडचे इंग्रज शब्दातला र गिळतात. खरं तर ते 'वॉटफड'च म्हणतात, आणि त्यांच्यात वाढलेली आमची मुलंही तेच. मी तेवढंच निमित्त साधून म्हटलं, की साच्यानं इथल्या उच्चाराप्रमाणेच लिहिलं म्हणायचं. शोभाताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फोनला म्हणाल्या, "तू एडिनबऱ्यात काय करतोस? माझ्या वर्गात ये. हा र मुलांना ऐकू दे."

तुम्ही हे असं वाटून का टाकता, हे मी त्या फोनवर शेवटी त्याला विचारलं. तो म्हणाला, की मला कुणी शिकवलं नाही; दुसऱ्यांची पानं उघडून, आत बघून मी शिकलो, आणि कुणीही दार लावून घेतलं नव्हतं. मग मी माझं कसं लावू? एवढंच. त्यावर फार बोलायची त्याची इच्छा दिसली नाही.

दुरुस्ती त्यानं चार-पाच दिवसांत केली. मला वाटलं होतं, आमच्यापुरती करून देईल. पण ती त्यानं मूळ साच्यातच केली, म्हणजे त्यानंतर जगात जो कुणी तो साचा उतरवून घेईल, हिंदीत, नेपाळीत, कशातही, त्याच्या अक्षरांना डोक्यावर जागा मिळणार. कोड उघडलं तर त्या ओळीपाशी नवी टीप होती: 'वरची जागा रिकामी वाटली तरी कमी करू नका. काही अक्षरांचा संसार छपरावर असतो.' मी ती दोनदा वाचली. मग सगळे ब्राउझर उघडले, मेधाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर उघडून घेतलं, हसमुखभाईंच्या घरी जाऊन उघडलं. सगळीकडे 'वॉटफर्ड मराठी वर्ग'. हसमुखभाईंना मराठी वाचता येत नव्हतं, पण गुजरातीला शिरोरेघ नसते म्हणून त्यांना कुतूहल वाटलं. तुम्ही लोक अक्षरं दोरीवर वाळत का घालता, असं विचारत होते.

नाव दुरुस्त झाल्यावर दोन-तीन फोन आले. ते पुरेसे नव्हते. सुटीआधीचा तो शनिवार उजाडला. शोभाताईंनी फळ्यावर तारीख लिहिली, पुसली, पुन्हा लिहिली. हॉलच्या सेक्रेटरीबाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. बाई वाईट नव्हत्या, पण कमिटीला काय सांगायचं ते आज बघून ठरवणार होत्या. नेहमीची मुलं आली. दोन नवी कुटुंबं आली. मग बराच वेळ कुणी नाही.

आणि मग जिन्यावर मोठमोठ्यानं बोलणं ऐकू आलं. एक उंच, गोल चेहऱ्याचे गृहस्थ, बायको आणि सात-आठ वर्षांची मुलगी, आणि त्यांच्या मागे तसलीच चार-पाच कुटुंबं. गृहस्थांनी हात जोडले.

"बोरकर, ताई. तो फडवाला मीच."

शोभाताईंनी नमस्कार केला, पण चेहरा कडकच.

"तुम्ही फोन ठेवला ना, तर मला वाटलं काहीतरी गडबड झाली. पुन्हा पाहिलं आठ-दहा दिवसांनी, तर नाव बदललेलं. वर्ग! मग बायको म्हणे, अहो, हेच तर पाहिजे होतं आपल्याला. मंडळातल्या साऱ्यांना गोळा करून आणलं. फड नाही तं नाही, ताई, पण पोरगी माझी घरी इंग्लिशच झाडते. तिला घ्याल ना?"

शोभाताईंनी मुलीला नाव विचारलं. ती म्हणाली, "शववी." आईनं हळूच सांगितलं, शर्वरी. र तिच्याही तोंडून निसटत होता.

"ये," शोभाताई म्हणाल्या. "तुझ्या नावात तर दोन र आहेत. भरपूर काम आहे आपल्याला."

खुर्च्या कमी पडल्या. सेक्रेटरीबाई स्वतः उठून खालच्या खोलीतून आणायला गेल्या, आणि परत आल्यावर शोभाताईंना म्हणाल्या, की योगाचं बघू, त्यांना दुपारी जमेल. शोभाताईंनी मान हलवली आणि फळ्याकडे वळल्या. त्या बराच वेळ फळ्याकडेच तोंड करून उभ्या राहिल्या. मुलांना वाटलं, बाईंना खडू सापडत नाही.

सगळे गेल्यावर त्यांनी माझा मोबाइल मागून घेतला आणि अ‍ॅलिस्टरला फोन लावला. त्याच्या साच्याची एकच अट होती, की पानाच्या तळाशी बनवणाऱ्याचं नाव राहू द्यावं. ते तिथे बारीक इंग्लिश अक्षरांत होतंच. पण शोभाताईंनी त्या सकाळी मुलांकडून ते मराठीत लिहून घेतलं होतं, धडा म्हणून, आणि मी खाली खुर्च्या रचत असताना मला हुकूम सोडला होता, की साइटवर तसंच जायला हवं.

त्यांनी त्याला आधी किती मुलं आली ते सांगितलं, शर्वरीचं सांगितलं. मग म्हणाल्या, "आणि तुझं नाव आम्ही आमच्या अक्षरात लिहिलंय. तुला माहितेय का, तुझ्याही डोक्यावर टोपी आहे. पहिल्याच अक्षरावर. चंद्रासारखी."

पलीकडून प्रश्न आला.

"माझ्या जुन्या साच्यात ती कापली गेली असती ना?"

"अलबत. पुढची वेलांटीही गेली असती. आलस्टर झाला असतास."

"आणि आता आहे तिला जागा?"

"आहे," शोभाताई म्हणाल्या. "तूच केलीस."